फाटलेला आवाज, मिरजेची जवारी आणि सकाळचा रॉक

वाचकांचे प्रश्न

सांगलीच्या आमराईत पहाटे फिरायला येणारी काही मंडळी एका इंटरनेट रेडिओवर सकाळी सात ते आठ लागणारी जुनी रॉक गाणी मोबाइलवर ऐकतात आणि नंतर चहाच्या गाड्यावर त्यांबद्दल वाद घालतात. त्या वादांतून निघालेली, आणि त्यांचे ऐकून इतरांनी लिहिलेली, पत्रे या महिन्यात इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले आहेत.

प्रश्न : आमच्या गटातील एका मिरजकर स्नेह्यांच्या घरी तीन पिढ्या तंबोरे घडतात. सत्रात 'यू रिअली गॉट मी' हे १९६४ सालचे गाणे लागले तेव्हा गिटारचा आवाज ऐकताच त्यांनी मोबाइलचा स्पीकर फाटल्याचे निदान केले. माझा भाचा म्हणाला, तो आवाज मुद्दामच तसा केलेला आहे. दोघांत बरोबर कोण?
— एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या स्नेह्यांचे निदान अचूक आहे, चूक झाली ती एवढीच, की फाटलेला स्पीकर आपल्या मोबाइलमधला नसून लंडनमधला आणि साठ वर्षांपूर्वीचा आहे. 'द किंक्स' या गटाचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्याने चिरला आणि त्यातून निघणारा खरखरीत आवाज दुसऱ्या, मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवला. पुढच्याच वर्षी 'रोलिंग स्टोन्स'च्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सने तसाच परिणाम पात्याशिवाय, पायाने दाबायच्या 'फझ' नावाच्या पेटीतून साधला. त्या सुरावटीच्या जागी पुढे तुताऱ्यांसारखी पितळी वाद्ये वाजावीत असे त्याच्या मनात होते आणि गिटारने तोवर फक्त जागा धरून ठेवायची होती. ध्वनिमुद्रिका निघाली ती मात्र गिटारसहच.

आता हा आवाज 'फाटतो' म्हणजे काय होते, ते पाहू. अ‍ॅम्प्लिफायरची आवाज वाढविण्याची ताकद एका मर्यादेपर्यंतच असते. त्यापलीकडे त्याला ताणले, तर ध्वनिलहरींचे उंचवटे वरून छाटल्यासारखे सपाट होतात, आणि या छाटणीमुळे मूळ स्वरात नसलेले किंवा अगदी दुबळे असलेले अनेक वरचे उपस्वर, म्हणजे मुख्य स्वराच्या आत दडलेले बारीक उंच स्वर, निर्माण होतात. आपल्या कानाला जी खरखर वाटते ती या उपस्वरांची गर्दी असते.

आपल्या स्नेह्यांना हे परके वाटण्याचे खरे तर कारण नाही, कारण त्यांचे घराणे तीन पिढ्या जवळपास हेच काम करीत आले आहे. तंबोऱ्याची घोडी अरुंद धारेची न ठेवता रुंद ठेवतात आणि तिचा माथा कानशीने घासून त्याला इतका अलगद उतार देतात, की कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकत आणि सुटत राहते. तिच्याखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला, की एकेक उपस्वर उमलत जातो आणि आपण जवारी लागली असे म्हणतो. मिरजेतील सतारमेकरांच्या दुकानात नवशिक्या पाश्चात्य वादकाला जवारी काढलेला आणि न काढलेला असे दोन तंबोरे ऐकवले, तर त्याला पहिला बिघडलेला वाटण्याचा संभव बराच आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा, कारण पुढच्या पत्राचे उत्तर त्यातच आहे. जवारी प्रत्येक तारेला स्वतंत्रपणे लागते. गिटारचा आवाज फाटतो तो सर्व तारांचा नाद एकत्र मिसळून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गेल्यानंतर.

प्रश्न : मी गिटार शिकतो. रॉक गाण्यांसाठी 'पॉवर कॉर्ड' शिकवताना गुरुजी तीन सुरांपैकी मधला सूर गाळायला सांगतात. आमराईतल्या काकांचे म्हणणे असे, की रॉकवाल्यांना दोनच सूर येतात. त्यांना काय सांगावे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, तासगाव

उत्तर : काकांना प्रथम नमस्कार सांगावा आणि मग हे सांगावे, की तो सूर माहीत नसतो म्हणून नव्हे, तर नीट माहीत असतो म्हणून गाळतात. साध्या कॉर्डमध्ये षड्ज, गंधार आणि पंचम असतात. पॉवर कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचम उरतात. दोन स्वर मिसळून फाटक्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गेले, की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर तयार होतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन आहे. तिनातून दोन वजा केले की उरतो एक, म्हणजे त्याच षड्जाचा खालचा षड्ज. जो स्वर कोणी छेडलेलाच नाही तो खर्जातून आपोआप घुमू लागतो, आणि कॉर्डला पहाडासारखे वजन येते ते त्यामुळे.

गंधार मिसळला की हा हिशेब बिघडतो. गिटारचे पडदे सम-विभाजित सप्तकाप्रमाणे, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून, बसवलेले असल्यामुळे त्यावरचा शुद्ध गंधार किंचित चढा असतो; तंबोऱ्याच्या खर्जात जो स्वयंभू, म्हणजे कोणी न छेडता उपस्वरांतून आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो त्याच्याशी तो ताडून पाहावा, म्हणजे कानांनाच कळेल. हा चढेपणा साध्या गिटारवर खपून जातो, परंतु बेरीज-वजाबाकीच्या स्वरांमध्ये तो अनेक पटींनी उघडा पडतो आणि सगळे गढूळ होते. म्हणून रॉकवाले तंबोऱ्याच्या सर्वांत परिचित जुळणीतले, म्हणजे षड्ज-पंचमाचे, दोनच स्वर ठेवतात. स्वयंभू गंधाराचा ध्यास धरणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेपासून तासगाव काही फार दूर नाही. एखाद्या रविवारी काकांना घेऊन तंबोरा ऐकून यावे.

प्रश्न : सत्रात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लागले आणि निवेदकाने ते मध्येच तोडले, यावर आमच्यात बरीच नाराजी झाली. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला होता, असे एकाने ठासून सांगितले. हे खरे आहे काय?
— एक वाचक, वाई

उत्तर : पूर्णपणे खरे आहे, आणि पसरणी घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे विचारावे लागते याचे मला थोडे वाईट वाटते. फरोख बल्सारा या पारशी मुलाचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला. शिक्षणासाठी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला, तेथेच पियानो शिकला आणि शाळासोबत्यांच्या 'द हेक्टिक्स' या गटात पियानो वाजवू लागला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले. 'क्वीन' हा गट १९७० सालचा.

गाणे तोडण्याबद्दल म्हणाल, तर तो रोग जुना आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. आपल्याकडे खयाल आणि ठुमऱ्यासुद्धा त्या मापात बसवाव्या लागल्या. तबकड्या बदलल्या तरी रेडिओला तीन मिनिटांची सवय जडली ती जडलीच. १९७५ साली 'क्वीन'ने ५ मिनिटे ५५ सेकंदांचे गाणे पुढे केले तेव्हा रेडिओवर ते कोण वाजवणार, अशी शंका जाणकारांनीच काढली होती. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट या निवेदकाने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवले आणि ती शंका निकालात निघाली. त्या गाण्याचे संथ आरंभ, ऑपेराच्या ढंगाचा मधला भाग आणि धडाडणारा रॉक हे तुकडे एकमेकांच्या विरोधानेच उठून दिसतात. त्यामुळे ते मध्येच तोडणाऱ्या निवेदकाविषयीची आपली नाराजी मला रास्त वाटते.

प्रश्न : आमच्या घरी सकाळ म्हणजे भूपाळी आणि अभंग. साताऱ्यात आमच्या शेजारच्या घरातून आता त्याच वेळी रॉक ऐकू येतो. सकाळी रॉक लावणे योग्य आहे काय?
— एक गृहिणी, सातारा

उत्तर : शेजाऱ्यांनी आवाज किती ठेवावा हा प्रश्न संगीताचा नाही, तो आपण कुंपणापाशी सोडवावा. संगीतापुरते बोलायचे, तर आपल्याकडे ललत-भैरव सकाळचे आणि मालकंस रात्रीचा अशी वाटणी आहे, रॉकमध्ये तशी शिस्त कोणी घातलेली नाही, आणि म्हणून निवड करणाऱ्यावर सगळे अवलंबून राहते. 'बीटल्स'चे 'हिअर कम्स द सन' घ्या. धंद्याच्या बैठकांना विटलेल्या जॉर्ज हॅरिसनने १९६९ च्या वसंतात एका बैठकीला दांडी मारली आणि मित्र एरिक क्लॅप्टनच्या बागेत उन्हात बसून ते रचले. मधल्या कडव्यात तालाच्या मात्रा अशा सरकतात, की आपल्या कानाला तिहाईची, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणाऱ्या तुकड्याची, चाहूल लागते. रविशंकरांकडे सतारीचे धडे घेतलेल्या माणसाकडून ते अनपेक्षितही नाही. याच हॅरिसनच्या १९६६ सालच्या 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला वाजला तो अनिल भागवत यांचा, आणि ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले.

'ब्लॅक सॅबाथ'ची गाणी मात्र मी स्वतः सूर्यास्तानंतर ऐकतो. त्यांचा वादक टोनी आयोमी याच्या बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. बोटांवर प्लास्टिकची टोपणे चढवून वाजवताना ताण कमी पडावा म्हणून पुढे तो तारा सैल करू लागला, आणि त्यातून जो अंधारा खर्ज आला तो पोह्यांबरोबर उतरत नाही.

प्रश्न : साताऱ्याहून मेढ्याकडे जाताना गाडीतल्या एफ.एम.वरचे गाणे ऐन रंगात येते आणि खरखर सुरू होते. हीही मुद्दाम केलेली का?
— एक वाचक, मेढा

उत्तर : नाही, ही डोंगराची. एफ.एम.च्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि डोंगराआड त्यांची सावली पडते. मध्यम लहरी जमिनीलगत वळत दूरवर पोहोचतात, परंतु त्यांवर वरच्या पट्टीतील नाद छाटला जातो, त्यामुळे रॉकमधील झांजा घोंगडीखाली वाजवल्यासारख्या येतात.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र एकाच इअरफोनचे एकेक टोक कानात घालून आयर्विन पुलापर्यंत चालतो. परवा 'बीटल्स'चे १९६५ चे एक गाणे लागले. मी म्हणालो, गळा सुरेख पण साथ नाही. तो म्हणाला, साथ उत्तम पण गाणारा लांब कुठेतरी उभा आहे. आमचे अद्याप बोलणे बंद आहे.
— दोन मित्र, गावभाग, सांगली

उत्तर : आपण दोघांनीही प्रामाणिक साक्ष दिली आहे. त्या काळी इंग्लंडमधील तरुण श्रोते बहुधा एकाच स्पीकरवर गाणी ऐकत, त्यामुळे गटाचे सारे लक्ष मोनो आवृत्तीवर असे आणि स्टिरिओचे काम मागाहून, घाईने उरकले जाई. १९६५ च्या 'रबर सोल' या ध्वनिमुद्रिकेच्या मूळ स्टिरिओ आवृत्तीत बहुतेक गाण्यांचे गायन उजव्या बाजूला आणि वाद्ये डाव्या बाजूला ठेवलेली आहेत. गळ्याचे कौतुक करणारे आपण उजवे टोक लावले होते आणि साथीचे कौतुक करणाऱ्या मित्राने डावे, असे मी सातशे मैलांवरूनही सांगितले असते. येथे तर मी फक्त हरिपुरात राहतो.

मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' या विभागात 'मोनो ऑडिओ' अशी खूण असते. ती चालू केली, की दोन्ही कानांत दोन्ही बाजू मिसळून येतील. त्याआधी एकदा, उद्याच सकाळी, टोकांची अदलाबदल करून तेच गाणे ऐकावे आणि कोणाला काय ऐकू आले ते एकमेकांना सांगावे. त्यासाठी अर्थातच बोलावे लागेल.