जुन्या जिप्सीचे दिवे आणि पासिंग: बल्ब बदलण्याआधी अर्थ (अर्थिंग) तपासा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जिप्सी खासगी नोंदणीची, कोकणात वापरलेली. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती पासिंगला न्यायची आहे. हेडलाइट पिवळट व मंद आहेत, ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मिणमिणतो, डाव्या बाजूचा इंडिकेटर कधी नीट तर कधी भरभर लागतो, आणि बल्ब बदलूनही फरक न पडल्याने वायरमनने संपूर्ण वायरिंग नवीन टाकायला सांगितले आहे. माझ्या मते त्या खर्चात आत्ताच पडू नये. आपण सांगितलेली जवळजवळ सगळी लक्षणे अर्थ, म्हणजे करंटची गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट, तुटल्याची किंवा कमजोर झाल्याची आहेत, आणि अर्थ खराब असताना नवीन वायरिंग टाकले तरी ते त्याच गंजलेल्या पत्र्यावर येऊन संपणार आहे.

मागच्या डाव्या दिव्यापासून सुरुवात करा, कारण तिथे दोष सर्वांत स्पष्ट दिसतो. टेललॅम्पच्या एकाच डब्यात २१/५ वॅटचा दुहेरी फिलामेंटचा बल्ब (ब्रेकसाठी २१, टेलसाठी ५) आणि २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब असतो, आणि सर्वांचा अर्थ समाईक असतो. तो सुटला की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला परतीची वाट राहत नाही. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि त्याच वायरने पुढच्या इंडिकेटर बल्बपर्यंत जाऊन तिथल्या अर्थला मिळतो. काही करंट ५ वॅटच्या फिलामेंटमधून टेललॅम्पच्या वायरवर जातो आणि नंबर प्लेटचा दिवा, पार्किंग लाइट, एवढेच नव्हे तर डॅशबोर्डवरचे दिवेही किंचित उजळवतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो. टेललॅम्प चालू ठेवून ब्रेक दाबून पाहा: दिवा प्रखर होण्याऐवजी मंदावला, तर वेगळ्या पुराव्याची फारशी गरज नाही.

तरीही खात्री करून घ्या. एक लांब वायर बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून तिचे दुसरे टोक दिव्याच्या होल्डरच्या धातूला टेकवा. सगळे दिवे लगेच शहाण्यासारखे वागू लागले, तर बल्ब, स्विच आणि पॉझिटिव्ह वायर निर्दोष आहेत. त्यानंतर मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा होल्डरवर धरा व ब्रेक दाबायला कोणाला तरी बसवा. हे मोजमाप दिवा चालू असतानाच घ्यायचे असते. दिवा बंद असताना सडलेला जोडही मीटरवर उत्तम दिसतो आणि बहुतेक जण इथेच फसतात. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असावा. एक व्होल्ट किंवा अधिक दिसला, तर तेवढे व्होल्टेज त्या गंजात वाया जात आहे.

दुरुस्ती करताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. अर्थचा स्क्रू सोडवून त्याखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करा, रिंग टर्मिनल नवीन दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला आणि घट्ट केल्यानंतर वरून ग्रीस लावा. जिप्सीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: तिची बॉडी चॅसिसवर रबरी माउंटांवर बसलेली असते आणि इंजिनही रबरावरच असते, त्यामुळे बॉडी, चॅसिस आणि इंजिन यांना विजेच्या दृष्टीने जोडणारी गोष्ट म्हणजे केवळ अर्थच्या पट्ट्या व वायरी. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत या पट्ट्यांची तांब्याची वेणी हिरवी पडून तुटते, आणि मागचे दिवे हातात घेऊन बसलेल्या माणसाचे लक्ष तिकडे जातच नाही. मी तर अशा गाडीत दोन्ही टेललॅम्पच्या होल्डरपासून दीड चौरस मिलिमीटरची स्वतंत्र अर्थ वायर थेट चॅसिसवर आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर चॅसिसवर घेतो. मग पत्र्याच्या भरवशावर राहावे लागत नाही.

होल्डर उघडलाच आहे तर आत नीट पाहा. तळाच्या स्प्रिंगच्या संपर्कांवर हिरवट थर असतो, आणि जुन्या बल्बच्या बुडाशी असलेले शिशाचे दोन ठिपके दाबून सपाट झालेले किंवा खड्डा पडलेले असतात. दुहेरी फिलामेंटच्या बल्बच्या दोन खिळ्या कमीजास्त उंचीवर असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसायला हवा. पण झिजलेल्या होल्डरमध्ये जोर लावला की उलटाही बसतो, आणि मग टेललॅम्प लागण्याऐवजी ब्रेकचे फिलामेंट कायम पेटते. दुकानदाराने त्या जागी चुकून साधा एका फिलामेंटचा बल्ब दिला असेल, तर त्याचे बूड दोन्ही संपर्कांना जोडते आणि ब्रेक व टेल यांत फरकच उरत नाही. तपासणीत हा फरक आवर्जून पाहिला जातो.

इंडिकेटर भरभर लागणे म्हणजे फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर चालू-बंद करणाऱ्या डबीला, त्या बाजूचा भार कमी पडत आहे. मिनिटाला ६० ते १२० वेळा ही नेहमीची मर्यादा आहे. अर्थ सुधारल्यावर हा त्रास बहुधा आपोआप जाईल. न गेल्यास दोन्ही बल्ब २१ वॅटचेच आहेत का ते पाहा. हौसेने एलईडी बल्ब घातले असतील, तर जुन्या पद्धतीचा फ्लॅशर ते ओळखत नाही. हॅझर्ड लागतात पण इंडिकेटर लागत नाहीत असे झाले, तर हॅझर्डचा स्विच काही वेळा दाबून सोडा, कारण अनेक जपानी धाटणीच्या गाड्यांत इंडिकेटरचा पुरवठा त्याच स्विचमधून जातो आणि वर्षानुवर्षे न वापरल्याने त्याचे संपर्क काळवंडतात.

आता हेडलाइट. एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दोन्ही दिव्यांच्या डिपरवर (खालच्या झोतावर; वरचा दूरचा झोत म्हणजे अप्पर) मिळून नऊ अँपिअरच्या वर करंट जातो आणि जुन्या मांडणीत तो सगळा स्टिअरिंगच्या स्विचमधून व बारीक वायरींमधून फिरून येतो. हॅलोजन बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, म्हणून एखाद-दीड व्होल्टची गळतीही डोळ्यांना लगेच जाणवते. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि नंतर बल्बच्या कपलरवर (बल्बमागच्या प्लगवर) व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर डिपर आणि अप्परसाठी प्रत्येकी एक चार पिनांचा रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा: बॅटरीवरून फ्यूज घेऊन अडीच चौरस मिलिमीटरची वायर ३० क्रमांकाच्या पिनला, ८७ वरून बल्ब, आणि ८५-८६ ला मूळ कपलरवरची वायर. मात्र आधी टेस्ट लॅम्पने एक गोष्ट तपासा. जपानी धाटणीच्या वायरिंगमध्ये अनेकदा बल्बच्या समाईक पिनला पॉझिटिव्ह असतो आणि स्विच अर्थची बाजू जोडतो. तसे असेल, तर अर्थ समजून समाईक वायर बॉडीला जोडणारा थेट फ्यूज उडवतो.

मंद प्रकाशावर उपाय म्हणून १००/९० वॅटचे बल्ब घालू नका. ते होल्डर वितळवतात, रिफ्लेक्टर काळे करतात आणि नियमातही बसत नाहीत. रिफ्लेक्टरची चकाकी गेली असेल, तर मात्र रिले कितीही लावले तरी उपयोग नाही. संपूर्ण लॅम्प बदलावा. सात इंची गोल लॅम्प सहज मिळतो. तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठीचा असावा, म्हणजे भिंतीवर त्याच्या प्रकाशाची कड डावीकडे वर चढलेली दिसावी. परदेशी ऑनलाइन दुकानातून मागवलेले लॅम्प कधी कधी उलटे असतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत थेट जातात.

दिव्यांचा रोख शेवटी लावा, टायरमधील हवा बरोबर करून. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केल्यावर डिपरच्या प्रकाशाची वरची कड लॅम्पच्या मध्यापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर खाली यावी. मोटार वाहन नियमांत डिपरची कसोटी अशी दिली आहे: दिव्यापासून आठ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवरील डोळे दिपता कामा नयेत. सस्पेन्शन उंच केलेल्या किंवा मोठे टायर घातलेल्या जिप्सी इथेच अडकतात.

छतावरचे स्पॉटलाइट आणि समोरचे रंगीत दिवे पासिंगपुरते झाकण्यापेक्षा वायरिंगसह काढूनच न्या, कारण त्यांचे जोड बहुधा पार्किंग लाइटच्या वायरीवर मारलेले असतात आणि त्यातूनच नवे दोष निघतात. मागे लाल रंगाखेरीज फक्त इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा आणि नंबर प्लेटचा पांढरा दिवा असावा; नंबर प्लेटचा दिवा बंद राहिल्याने गाडी परत पाठवल्याची उदाहरणे नेहमी ऐकू येतात. ब्रेकलाइट आणि हॉर्न दोन्ही एकदम गेले, तर फ्यूज आधी पाहा, बऱ्याच जुन्या गाड्यांत तो एकच असतो. फक्त ब्रेकलाइट गेला असेल, तर पेडलवरचा स्विच. जाताना एक एच-४, एक २१/५ आणि दोन २१ वॅटचे बल्ब व काही फ्यूज सोबत असू द्या. आणि घरून निघण्यापूर्वी टेललॅम्प, ब्रेक व डावा इंडिकेटर हे तिन्ही एकाच वेळी चालू करून मागे उभे राहून पाहा, कारण अर्थमध्ये काही दोष उरला असेल तर तो तिन्हींचा भार एकत्र आल्यावरच बाहेर पडतो.