चार्जर लावला की गिटार का भुणभुणते?

प्रश्न: घणसोलीच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) आणि इलेक्ट्रिक गिटार असा सरंजाम आहे. चार्जर लावला की हेडफोनमध्ये भुणभुण, काढला की बंद. लॅपटॉपच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. महागडी केबल घ्यावी का?

उत्तर: केबल राहू द्या, अर्थिंग तपासा. झिणझिण्यांनीच निम्मं निदान केलंय. चार्जरच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना अर्थशी जोडतात. अर्थ तुटलेली असली की लॅपटॉपची बॉडी 230 व्होल्टच्या मध्यावर, म्हणजे 115च्या आसपास तरंगते. करंट नगण्य असतो, पण यूएसबीतून तो इंटरफेसच्या ग्राउंडवर येतो आणि गिटारच्या इनपुटचा गेन त्याला मोठं करतो.

वायरमनकडून सॉकेट मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज-न्यूट्रल 230च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ खूपच कमी दिसलं तर अर्थची वायर सुटलेली आहे. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल अर्थला जोडून देतात. तसं मुळीच करू देऊ नका, न्यूट्रल तुटला तर यंत्राच्या बॉडीतच वीज उतरते. भुणभुण थांबवायला अर्थची पिन काढणंही तितकंच घातक.

चार्जर दोनच पिनांचा असेल तर सॉकेट दुरुस्त करूनही फरक पडणार नाही. मग रेकॉर्डिंग करताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

पुढे पॉवर्ड स्पीकर (आतच अँप्लिफायर असलेला) घेतलात तर तो आणि चार्जर एकाच तीन-पिनी एक्स्टेंशनवर लावा. वेगवेगळ्या बोर्डांवर लावल्यास ग्राउंड लूप होऊ शकतो, म्हणजे दोन अर्थ वाटांचं वेटोळं तयार होऊन भुणभुण येते. स्पीकरला बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेली भुणभुण रद्द करणारी) वापरा. गिटारच्या तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी होत असेल तर घाबरू नका, सिंगल-कॉइल (एकेरी वेटोळ्याच्या पिकअपच्या) गिटारचं ते नेहमीचंच. उलट वाढत असेल तर ब्रिजची (तारा जिथे टेकतात त्या धातूच्या पट्टीची) अर्थ वायर तुटली असावी.

प्रश्न: गाण्यात आलेली घुंई नंतर सॉफ्टवेअरने काढता येते का? (कासारवडवली, ठाणे)

उत्तर: थोडीफार. 80 हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर दाबणारा) विजेचा 50 हर्ट्झचा मूळ सूर दाबतो, पण त्याच्या पटीतले 100 आणि 150 तसेच राहतात. काळी एक पट्टीतला (पुरुष गायकाचा) मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झवर असतो, त्यामुळे 150ला रुंद काप दिलात (आजूबाजूचे सूरही दाबलेत) तर गळ्याचा भरीवपणाही जातो. काप अरुंद ठेवा. आणि गाण्याआधी पाच सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा, नॉइज रिडक्शनला तोच नमुना लागतो.