विंडोजवर आणलेले मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सचा प्रसार अडवते का?

फायरफॉक्स हा ब्राउझर, लिब्रेऑफिस हे ऑफिस सॉफ्टवेअर, गिम्प हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर यांसारखी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर (ज्यांचा मूळ कोड कोणीही पाहू, बदलू आणि वाटू शकतो अशी) विंडोज आणि मॅकवर उपलब्ध करून दिल्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार वाढतो, की लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळण्याचे कारणच उरत नसल्यामुळे तो खुंटतो, असे आपण विचारले आहे. मी गेली अठरा वर्षे लालबाग, परळ आणि गिरगाव भागातील लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की प्रसार वाढतोच. मात्र सॉफ्टवेअरबरोबर माणसाच्या फायलीही मोकळ्या झाल्या नाहीत, तर तो वाढलेला प्रसार फार उपयोगाचा ठरत नाही.

लालबागमधील एका पतपेढीत २०११ साली नऊ संगणक होते आणि सगळ्यांवर विंडोज एक्सपी होते. ऑफिस सॉफ्टवेअरच्या प्रतींना परवाना नव्हता, याची संचालक मंडळाला काळजी वाटू लागली, तेव्हा मी सर्व संगणकांवर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स बसवले आणि ऑपरेटिंग सिस्टीमला अजिबात हात लावला नाही. दोन महिने तक्रारी येत राहिल्या, नंतर त्या थांबल्या. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी सुरक्षा सुधारणा देणे बंद केले. नवे संगणक घेण्याची पतपेढीची ऐपत नव्हती, म्हणून नऊपैकी सात संगणक आम्ही लिनक्सवर नेले. आवक-जावक सांभाळणाऱ्या ज्येष्ठ लेखनिक बाईंनी सोमवारी सकाळी संगणक सुरू केला, ओळखीचे चिन्ह शोधून पत्र टंकले, छापले आणि मला एवढेच विचारले की पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी आता कुठे क्लिक करायचे. त्याच वर्षी गिरगावातील एका छापखान्याच्या कार्यालयाने माझा सल्ला न मानता एकाच दिवशी सिस्टीम, ऑफिस आणि ब्राउझर असे सारे बदलले आणि तीन आठवड्यांत ते मागे फिरले. तिथली माणसे कमी हुशार नव्हती. त्यांच्या हाताला ओळखीचे असे काहीच उरले नव्हते.

पतपेढीत मात्र माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती. तिथे मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकला जात असे. अशा फाँटमध्ये फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात आणि पडद्यावर त्यांना देवनागरी रूप देण्याचे काम फक्त तो फाँट करतो. लिब्रेऑफिस आल्यावरही मी तीच पद्धत चालू राहू दिली, कारण विंडोजवर सगळे व्यवस्थित दिसत होते. लिनक्सवर वार्षिक सर्वसाधारण सभेची जुनी सूचना उघडली, तेव्हा पानभर रोमन अक्षरे, कंस आणि अर्धविराम दिसले. फाँटचा परवाना ठरावीक संगणकांपुरता असल्याने तो इकडे आणणेही उचित नव्हते. तीन वर्षांची परिपत्रके आम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, रूपांतरित केली आणि मग एकेक ओळ डोळ्यांनी तपासली, कारण पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटत होती आणि रफार जागा सोडून जात होता.

म्हणजे तीन वर्षे त्या कार्यालयात मुक्त सॉफ्टवेअर वापरले जात होते, पण त्यातून तयार होणारा प्रत्येक कागद बंदिस्तच राहत होता. विरोधकांच्या म्हणण्यात जे तथ्य आहे ते मला येथे दिसते. बंद सिस्टीमवर गेलेले मुक्त सॉफ्टवेअर तिथल्या जुन्या सवयी सहज स्वीकारते: फाइल मायक्रोसॉफ्ट वर्डच्या डॉक्स स्वरूपात जतन करा म्हटले की करते, जुना फाँट लावा म्हटले की लावते. हा सोयीस्करपणा नसेल तर कोणी ते वापरणार नाही, हेही खरे आहे. म्हणून सुरुवातीपासूनच ओडीएफ हे लिब्रेऑफिसचे खुले जतनाचे स्वरूप आणि युनिकोड ही टंकनाची पद्धत ठरवून देणे ही बसवणाऱ्याची जबाबदारी आहे, असे मी मानतो. कार्यालये लिनक्सऐवजी विंडोजवर राहिली याचे मला तितके दुःख नाही, जितके त्यांचे दस्तऐवज एका फाँटमध्ये अडकून पडल्याचे आहे.

आता मूळ आक्षेपाविषयी. चांगले प्रोग्राम फक्त लिनक्सवर ठेवले तर लोक त्यांच्यासाठी लिनक्सवर येतील, हा विचार जुना आहे. २००५ साली प्रोग्रामच्या खिडक्या आणि बटणे बनवण्याचे क्यूटी ४ हे साधन विंडोजसाठीही जीपीएल या मुक्त परवान्याखाली आले आणि त्यावर बेतलेल्या, मूळच्या लिनक्सवरील केडीई या प्रकल्पाच्या प्रोग्रामांना विंडोजची वाट मोकळी झाली, तेव्हाही हा वाद झाला होता. त्याच केडीई परिवारातील क्रिता हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर आज विंडोजवर वापरले जाते. मायक्रोसॉफ्ट स्टोअर आणि स्टीम या ऑनलाइन दुकानांत ते विकतही मिळते आणि त्या विक्रीतून विकासाला पैसा मिळतो, ज्याचा लाभ लिनक्सवर चित्रे काढणाऱ्यालाही होतो. त्याही मागे जाऊन पाहिले, तर १९८३ साली घोषित झालेल्या, मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम घडवू पाहणाऱ्या ग्नू प्रकल्पाची सुरुवातीची साधने इतरांच्या मालकीच्या युनिक्स या सिस्टीमवरच लिहिली आणि वापरली गेली, आणि १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिहिला तो मिनिक्स या दुसऱ्या सिस्टीमवर बसून, ग्नूचा जीसीसी हा कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन) वापरून. मिनिक्स तेव्हा मुक्त परवान्याखाली नव्हते. मुक्त साधनांनी परक्या घरी पाऊल ठेवायचे नाही असे तेव्हा ठरले असते, तर स्वतःचे घर उभेच राहिले नसते.

अनेक प्रणालींसाठी लिहावे लागल्याने सॉफ्टवेअरचेही भले होते आणि मराठीपुरते तरी ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. पूर्वी लिब्रेऑफिस देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्यासाठी विंडोजवर विंडोजच्या यंत्रणेवर अवलंबून असे आणि लिनक्सवर वेगळ्या, त्यामुळे एका पानाची सूचना दुसरीकडे दोन ओळींनी पुढच्या पानावर जाई. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर हार्फबझ हे एकच मुक्त इंजिन वापरले जाऊ लागले. त्यानंतर, दोन्हीकडे तोच युनिकोड फाँट असला, तर पान सहसा जिथल्या तिथे राहते. मी त्यासाठी मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता हा मुक्त परवान्याचा फाँट बसवतो.

जिथे काय बसवायचे हे प्रणालीचा मालक ठरवतो, तिथे मात्र मी सावध राहतो. व्हीएलसी हे चित्रफिती पाहण्याचे मुक्त सॉफ्टवेअर जानेवारी २०११ मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरवरून गेले, कारण तिथल्या अटी आणि जीपीएल यांचा मेळ बसत नव्हता. जुलै २०१३ मध्ये ते परवान्यात बदल करून परतले. अशा ठिकाणी केलेले श्रम दुसऱ्याच्या मर्जीवर राहतात.

मुंबईपुरती आणखी एक बाब सांगायला हवी. येथे लिब्रेऑफिसची खरी स्पर्धा बिनपरवाना प्रतीशी आहे, विकतच्या सॉफ्टवेअरशी नाही. त्यामुळे “फुकट आहे” या युक्तिवादाने कोणीही हलत नाही. माणूस हलतो तो तपासणी आली किंवा यंत्र जुने झाले म्हणजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्यापासून तशीच वेळ पुन्हा आली आहे, कारण विंडोज ११ च्या अटी न पुरवणारी कितीतरी चांगली चालणारी यंत्रे कार्यालयांत आहेत. अशा वेळी ज्यांच्याकडे लिब्रेऑफिस आधीपासून आहे त्यांच्याशी लिनक्सविषयी बोलणे अर्ध्या तासात होते. बाकीच्यांशी ते सुरूच होत नाही. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर आधी लिब्रेऑफिस आणि पुढे लिनक्स आणण्याचे जाहीर केले, तो क्रमही लिब्रेऑफिस विंडोजवर चालते म्हणूनच शक्य झाला.

लालबागच्या पतपेढीतील दोन संगणक आजही विंडोजवर आहेत, कारण ठेवी आणि कर्जखात्यांचे सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही आणि ते बदलण्याचा खर्च मंडळाला परवडणारा नाही. त्या दोन्हींवर लिब्रेऑफिस आहे, आणि सभेची सूचना आता नऊपैकी कोणत्याही टेबलावर मराठीतच उघडते.