एवढं शिकून पुढे काय? धारणीच्या एका आईचा प्रश्न

मुलगी मेळघाटातल्या धारणी तालुक्यातली, वय 28. सल्ला विचारायला आली होती. एम. ए. शिक्षणशास्त्र झालेलं, नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, मिळालेली. परदेशात ‘शिक्षण आणि विकास’ या विषयात पीएचडी करायची आहे. आई सोबत होती. तिने विचारलं, “एवढं शिकून कराचं काय, सर?” मुलीची धास्ती वेगळीच. मेळघाटातला विषय तिकडे कोणाला कळणार?

मुलीने परदेशातल्या 40 प्राध्यापकांना एकच ईमेल धाडला होता. उत्तर एकाचंही नाही. विषय लिहिला होता ‘आदिवासी शिक्षणाच्या समस्या’. यात मार्गदर्शकाने धरायचं काय? बोलता बोलता खरा प्रश्न निघाला: पहिलीतलं पोर घरी कोरकू बोलतं, गुरुजी मराठी. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, ती मुंडा भाषाकुळातली, संथाळी भाषेच्या नात्यातली. मग पहिले सहा महिने वर्गात दोघं एकमेकांना समजून घेतात कसे? पेरूत क्वेचुआ बोलणारी मुलं स्पॅनिश वर्गात बसतात. तिथल्या अभ्यासकाला हा पेच वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

नवा ईमेल 200 शब्दांचा ठरला. आधी प्रश्न, मग कोणत्या तीन शाळांत बसणार, भाषा कितपत येते, आणि त्या प्राध्यापकाच्या एका लेखाशी आपला प्रश्न कुठे जुळतो. सोबत दोन पानी आराखडा. पत्रं दहाच, पण प्रत्येक वेगळं.

पैशांचा घोळ मोठा होता. ब्रिटनच्या चेव्हनिंगचा अर्ज अर्धा भरून ठेवलेला; ती शिष्यवृत्ती मास्टर्सची, पीएचडीला देत नाहीत. ब्रिटनच्याच कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीत पीएचडीची सोय असते: फी, विमानभाडं, राहण्याचा भत्ता. पण त्या वर्षी ती भारतीयांना खुली आहे का, ते आधी पाहायचं. प्रवेशाचं पत्र आलं म्हणजे पैसा आला, असं मात्र नाही. दोन्ही अर्ज वेगळे आणि बहुतेकदा शिष्यवृत्तीची मुदत आधी संपते. जेआरएफचे महिना 37,000 रुपये (दोन वर्षांनी 42,000) भारतातल्याच संस्थेत मिळतात आणि जेआरएफचं पत्र कायम चालत नाही. म्हणून नागपूर-अमरावती विद्यापीठांचे अर्जही सोबतच भरायचे.

आता आईचा सवाल. संयुक्त राष्ट्रांच्या पी-2 या सुरुवातीच्या अधिकारी पदाला मास्टर्स आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, त्यावरच्या पी-3 ला पाच वर्षांचा. पीएचडीची अट सहसा नसते. नुसत्या पदव्या जमवून फिल्डवर न गेलेली मुलं इथेच मागे पडतात. प्राध्यापकी हा एकच रस्ता नाही. कार्यक्रमांचं मूल्यमापन, सल्लागाराची कामं, युनिसेफच्या मुंबई कार्यालयातली पदं, सगळीकडे शाळेत बसून केलेली नोंद विचारतात.

दुसऱ्या भेटीला ती वही घेऊन आली. पहिल्या पानावर तीन गावं, प्रत्येकापुढे पहिलीचा पट, आणि घरी कोरकू बोलणारी मुलं किती. तिसऱ्या गावापुढे तिने लिहिलं होतं: “गुरुजींना थोडी कोरकू येते.” त्या शाळेपासून सुरुवात करायचं ठरलं.