‘हनी अँड क्लोव्हर’ या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, शेवटच्या खंडात नायिका हागु तिला सांभाळणाऱ्या शूजी सरांना निवडते. हा शेवट फसला आहे का?

माझ्या मते नाही. शेवट फसला म्हणताना तुम्ही लिहिलंय की हागु कुणाला निवडणार, ‘ताकेमोतो की मोरिता’, यात सगळे खंड अडकवून ठेवलं आणि शेवटी माळ तिसऱ्याच्याच गळ्यात पडली. मला वाटतं, माळ कुणाच्याच गळ्यात पडलेली नाही. हागु त्या खंडात जोडीदार निवडत नाही, ती हात वाचवायला निघालेली असते.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेवट फुटेल याची तयारी ठेवा. चिका उमिनो यांची ही मांगा २००० ते २००६ या काळात क्रमशः आली, एकूण १० खंड. टोकियोतलं एक काल्पनिक कला महाविद्यालय आणि तिथली दोस्तमंडळी. वास्तुकला शिकणारा साधा ताकेमोतो, हाताला जादू असलेला पण कधी कुठे गायब होईल याचा नेम नसलेला मोरिता, मातीची भांडी घडवणारी यामादा, तिला हवा असलेला मायामा, आणि चित्रकार हागु. तिथेच शिकवणारे शूजी हानामोतो हे हागुच्या नात्यातले, तिचे पालकच म्हणा. ताकेमोतो आणि मोरिता दोघंही हागुच्या प्रेमात. शेवटाकडे एका अपघातात काच कोसळते आणि हागुच्या उजव्या हाताच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, दुखावतात.

इथून पुढचं मला तटस्थपणे वाचता येत नाही. मी स्वतः कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना काचेनेच माझं मनगट कापलं होतं. टाके पंधरा दिवसांत निघाले, बोटांना जाण यायला वर्ष गेलं. तुटलेली नस जोडल्यावर पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतच कित्येक महिने. घरी आई तांदळाच्या डब्यात चणे आणि राजमा मिसळायची, मी डोळे मिटून हात खुपसायचा आणि बोटांना काय लागलं ते सांगायचं. रोज सकाळ-संध्याकाळ. मी चिडायचे, डबा लोटून द्यायचे. ती पुन्हा भरून समोर ठेवायची. त्या वर्षात मला खूप जणांनी जीव लावला, पण डबा भरणारी एकटी आई होती.

म्हणून मोरिता हागुला घेऊन जातो आणि चित्र नाही काढलीस तरी चालेल, तू नुसती जिवंत राहा, एवढं बास, अशा अर्थाचं बोलतो, तो प्रसंग मला सगळ्यात जास्त हलवून गेला. यापेक्षा खरं प्रेम काय असतं? आणि हागुला नेमकं तेच नको असतं. तिला हात परत हवाय, पुन्हा चित्र काढायचंय. ती परत येते आणि शूजींकडे त्यांचं आयुष्यच मागते. हे मागणं भयंकर आहे, मान्य. पण नसांचं गणित माहीत असलं की कळतं, ती बोलतेय ते खरोखरच एका माणसाच्या वर्षांबद्दल.

तुम्हाला खटकलं ते मलाही खुपतं. ज्याने मुलीसारखं सांभाळलं त्याच्याशीच आयुष्य बांधायचं, आणि ते नातं पुढे नेमकं काय असणार हे लेखिकेने धूसर ठेवलंय. मला ते आणखी स्पष्ट हवं होतं. मोरिताच्या घरची, वडिलांच्या कंपनीची भानगडही शेवटी घाईत उरकल्यासारखी वाटते. पण हागुचा निर्णय मला एकदाही खोटा वाटला नाही.

आणि ताकेमोतो! तुम्ही त्याला ‘हरलेला’ म्हटलंय, ते मात्र मला मुळीच पटत नाही. आपल्याला काय हवं तेच न कळल्यामुळे हा मुलगा सायकल घेऊन निघतो तो जपानच्या उत्तर टोकाला, सोया भूशिरापर्यंत जातो. वाटेत जुनी देवळं दुरुस्त करणारी मंडळी भेटतात आणि पुढे तेच त्याचं काम होतं. म्हणजे शेवटी तो गाडीत बसतो तेव्हा प्रेम गमावून पळत नसतो, कामावर निघालेला असतो. हागु धावत येऊन त्याच्या हातात डबा देते. आत पावाचे तुकडे, मध लावलेले, आणि प्रत्येकात एक चार पानांचं क्लोव्हर. या रोपाला एरवी तीनच पानं असतात. चार पानांचं एक सापडायला गवतात तासन्‌तास बसावं लागतं, आणि आधीच्या एका प्रसंगात ही सगळी मंडळी तशी शोधत बसलेली आपण पाहिलेली असतात. सफल न झालेल्या प्रेमाला काही अर्थ असतो का, हे त्याने पूर्वीपासून स्वतःला विचारलेलं. होता, हे त्याला डबा उघडल्यावर कळतं, आणि तो रडत रडत ते पाव खातो.

तुम्ही खंड विकून टाकायचं म्हणताय. त्याआधी एकदा सायकलप्रवासाचा भाग काढा आणि तिथून थेट दहाव्यावर या, मधलं काही वाचू नका. मी तसंच केलं होतं, हात प्लास्टरमध्ये असताना, डाव्या हाताने पानं उलटत.