अवघड ॲक्शन गेम्सचं संगीत: मुखडा फुकट, अंतरा कमवावा लागतो

तुम्ही विचारलंय की 'डार्क सोल्स', 'ब्लडबॉर्न'सारख्या जीव खाणाऱ्या गेम्सच्या संगीताचं लोक एवढं कौतुक का करतात, आणि गेम न खेळता ते नुसतं ऐकलं तर चालेल का.

कौतुकाचं कारण माझ्या मते एकच आहे. या गेम्समध्ये संगीत तुम्हाला सलग ऐकायलाच मिळत नाही. बॉससमोर, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या तगड्या शत्रूसमोर, गेलात की मेलात, परत गेलात, परत मेलात. मुखडा इतका पाठ होतो की भांडी घासतानाही डोक्यात वाजत राहतो. अंतरा मात्र जो तेवढा वेळ तग धरतो त्यालाच ऐकू येतो. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर 'कॉन्ट्रा' खेळलेल्या कुणालाही विचारा, पहिल्या, जंगलातल्या लेव्हलची धून लगेच गुणगुणून दाखवेल. बर्फातल्या लेव्हलची विचारलीत तर बहुतेक जण गप्प बसतील. तीन लाइफ तिथपर्यंत पुरायच्याच नाहीत!

चांगले संगीतकार हे ओळखून रचना करतात. माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे 'ब्लडबॉर्न'चा २०१५ साली आलेला पुरवणी भाग, 'द ओल्ड हंटर्स', आणि त्यातला लुडविग. एके काळचा थोर शिकारी आता घोड्यासारखं विद्रूप जनावर होऊन किंचाळत अंगावर येतो. संगीतही तसंच, सैरभैर आणि अंगावर धावून येणारं. त्याची निम्मी ताकद संपली की लढाई थांबते. त्याला स्वतःची जुनी तलवार दिसते, चंद्रप्रकाशासारखी चमकणारी, आणि तो दोन पायांवर उभा राहतो. मग जे सुरू होतं त्यात कोरस आहे, रुबाब आहे आणि खोल दुःखही आहे. समोर आता जनावर नाही, सरदार आहे, हे आधी कानांना कळतं. हा दुसरा भाग मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हात कंट्रोलरवर थिजले आणि मी तिथेच मेलो. पण परत तिथवर जायचं होतं ते जिंकण्यापेक्षा ते संगीत ऐकायला.

'मेटल गिअर रायझिंग'मध्ये (२०१३) जेमी क्रिस्टोफरसन यांनी हीच गोष्ट उघडपणे केलीय. बॉसची लढाई नुसत्या वाद्यांवर सुरू होते, गायकाचा आवाज राखून ठेवलेला असतो. पहिल्याच प्रकरणात इमारतीएवढं यंत्र आपलं पातं गेमचा नायक रायडन याच्यावर आणतं. तो ते तलवारीवर झेलतो, पाय जमिनीत रोवतो, आणि नेमक्या त्या क्षणी गाणाऱ्याचा आवाज फुटतो. ती ओळ लागली की माणूस खुर्चीत बसून राहूच शकत नाही.

'हॉटलाइन मायामी'ची (२०१२) युक्ती उलटी आहे. एक गोळी लागली की तुम्ही मेलात, एक बटण दाबलं की पुन्हा सुरू, पण संगीत तुटत नाही. ते वाजतच राहतं, त्यामुळे मरणं हा खंड वाटत नाही, त्याच तालातला एक ठोका वाटतो. शेवटचा माणूस पडला की मात्र संगीत एकदम बंद होतं. मागे उरते नुसती घरघर. तुम्ही केलेला रक्तपात तुडवत त्याच खोल्यांमधून गाडीपर्यंत परत चालत जायचं.

'डार्क सोल्स'बद्दल (२०११) एवढंच सांगतो की त्यात बराच वेळ संगीतच नाही, फक्त पावलं आणि चिलखताची खडखड. मोतोइ साकुराबा यांचा वाद्यवृंद बॉसच्या दारात गेल्यावर कडाडतो. आणि शेवटी, जिथे सगळ्यात मोठा गडगडाट अपेक्षित असतो, तिथे ग्विन नावाच्या जळून कोळसा झालेल्या राजासमोर हलका, एकटा पियानो वाजतो. आधीच्या कित्येक तासांचा गोंगाट कानात असल्याशिवाय त्या पियानोचं वजन कळणार नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला सरसकट हो म्हणता येत नाही. खेळायचं नसेल तर 'कपहेड' (२०१७) बिनधास्त ऐका. टोरांटोचे तालवादक क्रिस्टोफर मॅडिगन यांनी खऱ्या वादकांचा बिग बँड बसवून १९३० च्या दशकातल्या कार्टूनला शोभेल असा जॅझ रचलाय आणि त्याला संगीताचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला. त्यातल्या किंग डाइस या पात्राचं गाणं अलाना ब्रिजवॉटर यांनी असं ठसक्यात म्हटलंय की गेम माहीत नसला तरी काही अडत नाही. इलेक्ट्रॉनिक आवडत असेल तर 'फ्युरी' (२०१६) लावा, त्यातल्या कार्पेंटर ब्रूट या संगीतकाराच्या तुकड्यांपासून सुरुवात करा.

पण पुढेमागे 'ब्लडबॉर्न' खेळायचा थोडा जरी विचार असेल, तर लुडविगची धून यूट्यूबवर आधी ऐकू नका.