लहान मुलाचं जुनं डच चित्र घ्यायचंय? आधी त्याच्या पाठीचा फोटो मागा

चित्र विकत घ्यावं का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. ओकच्या फळीवरचं सतराव्या शतकातलं चित्र, गळ्यात पोवळ्यांची माळ घातलेली मुलगी, सही नाही, आणि विकणारे म्हणतात की ‘याकोब खेरित्स कॉइपचं असावं’. माझ्या सासरी, नेदरलँड्समधल्या फ्रीसलँड प्रांतात, असंच एक चित्र होतं. आम्ही विकणाऱ्यांच्या बाजूला होतो, पण गोष्ट तीच. मी तज्ज्ञ नाही आणि वकीलही नाही, जे भोगलं त्यावरून लिहितेय.

कॉइप हा त्या काळातला नावाजलेला डच चित्रकार, पण ते नाव आधी डोक्यातून काढा. चित्रात कोकरू दिसलं की कॉइप, असं विक्रेते सर्रास म्हणतात. मुलांची चित्रं काढणारे त्या काळी गावोगावी होते. डॉर्डरेख्टला कॉइप, तसा लेउवार्डनला विब्रांट दे खेस्ट, एंकहाउझनला यान क्लास, ॲमस्टरडॅमला डिर्क सांतफोर्ट, शिवाय ज्यांची नावं उरलीच नाहीत असे कितीतरी. मोठ्या नावांचंही सगळं सरळ नसतं. फ्रान्स हाल्सचं फान काम्पेन कुटुंबाचं मोठं चित्र नंतर कोणीतरी कापलं. एक तुकडा अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात आहे, बोकडाच्या गाडीतल्या मुलांचा तुकडा ब्रसेल्सला. टोलेडोच्या तुकड्यातलं एक बाळ तर हाल्सचं नाहीच. ते सालोमोन दे ब्राय याने १६२८मध्ये रंगवलं आणि त्यावर स्वतःची सहीही केली.

आता आमचं खरं नुकसान कुठे झालं ते. आमच्या फळीच्या पाठीवर जुन्या कागदी चिठ्ठ्या होत्या, लाल लाखेची मोहर होती, खडूने लिहिलेला एक आकडा होता. एका लिलाव संस्थेने (नाव लिहीत नाही) चित्र तपासायला ठेवून घेतलं आणि आम्हाला न विचारता त्यांच्या नेहमीच्या माणसाकडे साफसफाईला पाठवलं. परत आलं तेव्हा पुढून पोराचा चेहरा चकचकीत आणि मागून फळी कोरी! चिठ्ठ्या मळकट होत्या म्हणून फेकल्या, मोहर खरवडून काढली. आधीचा एक फोटोसुद्धा काढलेला नव्हता. आणि मग त्याच लोकांनी कॅटलॉगमध्ये लिहिलं की चित्राची पूर्वीची मालकी अज्ञात! तक्रार केली तर हा विभाग त्या विभागाकडे बोट दाखवायचा, शेवटी नियमांचा छापील कागद हातात ठेवला. सासूबाईंनी लहानपणापासून पाहिलेलं चित्र होतं ते. अजून आठवलं की जीव जळतो.

त्या मोहरेवरून कदाचित एखादा संग्राहक सापडला असता. खडूचा आकडा जुन्या लिलावाच्या यादीशी जुळला असता. द हेगमधल्या आरकेडी या कला-इतिहास संस्थेत अशा याद्या आणि चित्रांचे फोटो जपलेले आहेत, त्यांचा चित्रसंग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो. तिथे शोधायला काहीतरी धागा हातात लागतो, तोच आमच्याकडून गेला. शिवाय १९३३ ते १९४५ या नाझी काळात, जेव्हा ज्यूंची चित्रं लुबाडली गेली, चित्र कोणाकडे होतं, हे हल्ली प्रत्येक जाणता ग्राहक विचारतो, आणि विचारायलाच हवं. याक खाउडस्टिकर या ज्यू चित्रव्यापाऱ्याच्या वारसांना डच सरकारने २००६ साली २०२ चित्रं परत दिली. तुमच्या विक्रेत्याला या वर्षांबद्दल सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर मी तरी घेणार नाही.

म्हणून पुढचा फोटो राहू दे, पाठीचे आणि चारही कडांचे फोटो मागा. फळीच्या कडा मागून सहसा तासलेल्या असतात. एखादी बाजू तशी नसेल तर फळी तिथे कापली गेली असण्याची शक्यता आहे. कापलेल्या भागाबरोबर भावंड गेलं असेल, किंवा कोपऱ्यात लिहिलेलं वय आणि साल. लाकडाच्या वर्तुळांची तपासणी केल्याचं प्रमाणपत्र दाखवतील. त्यावरून झाड कोणत्या सालाआधी तोडलेलं नसावं एवढंच कळतं, चित्रकार कळत नाही. आणि ‘मुलगी’ हेही गृहीत धरू नका. सहा-सात वर्षांपर्यंत मुलगेही घागराच घालायचे. पोवळं आपल्याकडच्या काळ्या मण्यांसारखं, दृष्ट लागू नये म्हणून, दोघांनाही घालत. हातात कोल्फची (काठी-चेंडूचा जुना डच खेळ) काठी किंवा डोक्यावर पिसाची टोपी असेल तर बहुधा मुलगा.

किमतीचं माझं मत ठाम आहे: अनामिक चित्रकाराच्या चित्राला द्याल तेवढेच द्या. ‘कॉइपचं असावं’ या तोंडी शब्दांना पैसे नाहीत. पावतीवर काय लिहितात ते बघा, कारण ‘अमक्याच्या शैलीत’ असं लिहिलं तर चित्र शंभर वर्षांनंतरचंही असू शकतं. पुढेमागे भारतात न्यायचा विचार असेल तर आधी जाणकाराशी बोला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू तिथून पुन्हा बाहेर काढणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे अवघड होऊन बसतं.

आणि घेतलंतच तर खोली गरम करणाऱ्या रेडिएटरच्या वर टांगू नका. हिवाळ्यात इथल्या घरांची हवा कोरडी पडते, ओकची फळी आक्रसते आणि रंगाचे पोपडे सुटतात. आतली भिंत, ऊन नको, आणि खोलीत आर्द्रता मोजायचं साधं यंत्र ठेवा.